चॅनेलवरची हाक

ग्लेनिस गेल्याला वर्ष होत आलं तरी स्वयंपाकघराच्या खिडकीतला वायरलेस सेट क्लेम नॉस्केनं हलवला नव्हता. तो सुरूही केला नव्हता. माईक तिनं ठेवला तसाच हुकाला लटकत होता आणि तिची खुर्ची खिडकीकडे तोंड करून होती. क्लेम जेवायला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा, सेटकडे पाठ करून.

अ‍ॅडलेडपासून पार लांब असलेल्या विराबीनमध्ये शेजारी म्हणजे दहा-बारा किलोमीटरवरचं घर. मधे गहू, बार्ली, मेंढ्या आणि खुरटी झाडी. गावात धान्याचे सायलो, पोस्टाचं दुकान, एक हॉल आणि एक दारूचं दुकान, तेही शनिवारपुरतंच. आगीचा बंब होता, पण तो चालवणारे म्हणजे हेच शेतकरी. कापणीच्या दिवसांत पीक काडीसारखं वाळलेलं असतं. हार्वेस्टरचं एखादं बेअरिंग तापून ठिणगी पडली आणि वारा असला तर दुपारपर्यंत अर्धा मुलूख काळा होतो. म्हणून वाऱ्यावर नजर ठेवायला कुणीतरी लागतं. नॉस्केंचं घर टेकाडावर होतं आणि वारा मोजायचं यंत्र त्यांच्याच पाण्याच्या टाकीवर बसवलेलं होतं. तेव्हा हे काम ग्लेनिसकडे आलं ते कायमचंच. उन्हाळ्यात ती दर तासाला अंगणात जायची, यंत्र बघायची आणि माईकवर सांगायची; घराघरांतले, गाड्यांतले आणि हार्वेस्टरमधले सगळे सेट एकाच चॅनेलवर होते. तिनं ‘थांबा’ म्हटलं की सगळ्या शिवारातले हार्वेस्टर जागच्या जागी थांबत. आयव्हर पेडलर बंबाचा कॅप्टन होता, पण तोही म्हणायचा, कॅप्टन मी फक्त कागदावर आहे.

वारा सांगून ती थांबली असती तर क्लेमचं काही म्हणणं नव्हतं. पण ती थांबायची नाही. वाऱ्यानंतर पेडलरांच्या मेंढ्या रस्त्यावर आल्यात, मग कुणाच्या नातीला दात आला, मग रविवारी हॉलमध्ये कुणी काय करून आणायचं. जोडीला मग सगळ्या बायका आणि निम्मे पुरुष बोलायला लागायचे. क्लेम अबोल माणूस. हार्वेस्टरच्या केबिनमध्ये त्याच्याजवळ दोन यंत्रं होती, एक वायरलेस आणि एक साधा रेडिओ. डिसेंबरात, ऐन उन्हाळ्यात, कसोटी सामने चालू असले की तो वायरलेसचा आवाज कमी करायचा आणि रेडिओचा वाढवायचा. संध्याकाळी घरी आला की ग्लेनिस बटाटे सोलता सोलता विचारायची, “कोण आऊट झालं?” तिला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यानं सांगितलेलं ती ऐकतही नसे. पण विचारायची रोज.

ग्लेनिस गेली त्या दिवशी उत्तरेकडून वादळ येणार असं सकाळपासून दिसत होतं. बार्लीचा शेवटचा तुकडा उभा होता. एकदा गारा पडल्या की दाणे मातीत. दुपारचं जेवण त्यानं केबिनमध्येच खाल्लं, थंड मटणाचं सँडविच, आणि सामना पुन्हा सुरू झाला तसा वायरलेसचा आवाज पार खाली केला. नेहमीसारखाच. नंतर त्यात काही वेगळं शोधायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला, पण वेगळं काहीच नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्याला आयव्हरचा पिकअप दिसला. तो बांधावरून नाही तर उभ्या बार्लीतून सरळ येत होता. उभ्या पिकातून गाडी घालणारा माणूस विराबीनमध्ये जन्माला आला नव्हता. क्लेमला आधी राग आला. आयव्हरनं शिडीवर चढून काचेवर थाप मारली.

“घरी चल,” तो म्हणाला. “ग्लेनिस.”

तो पोचला तेव्हा आयव्हरची बायको मर्ना स्वयंपाकघरात फरशीवर बसली होती आणि ग्लेनिसचं डोकं तिच्या मांडीवर होतं. डोळे उघडे होते, पण ती बोलत नव्हती. अशा आडगावांसाठी असलेलं डॉक्टरचं विमान येईपर्यंत ऊन कलायला लागलं. विमान पुन्हा उडायच्या आधीच ती गेली.

गारा पडल्याच नाहीत. मातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्लेमच्या शेतात सहा हार्वेस्टर एका ओळीत उभे होते. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. दुपारपर्यंत त्यांनी बार्ली कापून सायलोला पोचवली आणि निघून गेले. बायकांनी केक आणि मटणाच्या वड्या आणून ठेवल्या. प्रत्येक ताटलीच्या बुडाला पट्टीवर नाव लिहिलेलं, परत करायला सोपं जावं म्हणून. माणसं चांगली होती. त्यात शंका नव्हती.

फोनवर केरिननं विचारलं तेव्हा त्याला पहिल्यांदा खटकलं. केरिन त्याची मुलगी, अ‍ॅडलेडला असायची.

“बाबा, मर्ना तुमच्या आधी कशी पोचली? तुम्ही तर घरामागच्याच शेतात होता.”

त्यानं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. मग फोन ठेवून तो तिथंच भिंतीशी उभा राहिला. मर्नाच्या घराहून इथवर यायला कच्च्या रस्त्यानं वेळ लागतो. म्हणजे ग्लेनिसनं हाक मारली होती. चॅनेलवर. म्हणजे आयव्हरनं ऐकली, मर्नानं ऐकली, आणि केबिनमध्ये बसलेल्या प्रत्येकानं ऐकली. ती ज्याला हाक मारत होती तो सोडून सगळ्यांनी.

आणि कुणी एक शब्द बोललं नव्हतं.

तशी तिथली रीतच होती. चॅनेलवर सगळ्यांचं सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून जे कानावर पडलं ते तोंडावर काढायचं नाही. नाहीतर तिथं कुणी राहूच शकलं नसतं. एकदा गाडीत शेजारच्या नोएल स्टॅनवेच्या बायकोच्या पर्सखाली माईकचं बटण दाबलं गेलं आणि नोएलच्या आईबद्दल तिचं काय मत आहे ते अख्ख्या विराबीननं गाव येईपर्यंत ऐकलं. नोएल दुसऱ्या दिवशी दुकानात गेला तर सगळ्यांनी त्याला पाऊस कसा वाटतो एवढंच विचारलं. इतक्या प्रेमानं विचारलं की तो समजून चुकला. क्लेम स्वतःसुद्धा त्या दिवशी पावसाबद्दलच बोलला होता.

आता तेच त्याच्या वाट्याला आलं होतं. हिवाळाभर त्यानं विचारून पाहिलं, त्याला जमेल तसं. पोस्टाच्या दुकानात नोएल भेटला. नोएल मोठा बोलघेवडा, मुक्या माणसालाही बोलतं करील असा.

“त्या दिवशी तू चॅनेलवर होतास ना?” क्लेमनं विचारलं.

नोएलनं हातातला पावाचा पुडा या हातातून त्या हातात घेतला. “होतो बहुतेक. अरे, तुझ्या त्या मेंढ्याचं काय झालं? विकणार होतास ना?”

“काय म्हणाली ती?”

“मला निघायला हवं, क्लेम,” नोएल म्हणाला. पैसे देऊन तो गेला, आणि ज्यासाठी आला होता तो पाव तसाच विसरून गेला.

दुकानातली बाई, सायलोवरचा माणूस, सगळ्यांचं तेच. मेंढे, पाऊस, खतं. क्लेमच्या मनानं मग स्वतःच एकेक जुळवायला सुरुवात केली. तिनं त्याला शिव्या घातल्या असतील. इतकी वर्षं गेली आणि या माणसानं माझं एक ऐकलं नाही, असं म्हणाली असेल. तसं तिनं म्हटलं असतं तरी चूक नव्हतं. किनाऱ्याजवळ छोटं घर घ्यावं असं तिला फार वाटायचं. तो म्हणायचा, पुढची कापणी होऊ दे. दर वर्षी पुढची कापणी होती. तिनं ते सगळं चॅनेलवर काढलं असेल आणि आता हे सगळे भले लोक ते झाकून ठेवत असतील. ती शेवटचं जे बोलली ते अख्ख्या गावाकडे होतं, फक्त नवऱ्याकडे नव्हतं. हे त्याला सहन होईना. शिव्या तर शिव्या, त्या त्याच्या होत्या.

नोव्हेंबर उजाडायच्या सुमाराला एका रविवारी आयव्हर आणि मर्ना आले. मर्नानं चहाबरोबर खायला केक आणला होता आणि आयव्हरच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. क्लेमनं किटली ठेवली. पावसाचं बोलून झालं, धान्याच्या भावाचं बोलून झालं. मग आयव्हर घसा साफ करत म्हणाला की आगीचे दिवस आले, आता सेट कुठेतरी चालू हवा. क्लेमला त्रास नको म्हणून तो आपल्याकडे न्यावा असं सगळ्यांच्या बोलण्यात आलं होतं. मर्ना बघेल.

“ने,” क्लेम म्हणाला.

आयव्हर उठला.

“पण आधी तिनं सांगायचं.” क्लेमनं मर्नाकडे बोट केलं नाही, नुसतं पाहिलं. “ग्लेनिस काय म्हणाली ते. त्याशिवाय त्या सेटला हात लावायचा नाही.”

आयव्हर उभाच राहिला. मर्नानं कप खाली ठेवला.

“क्लेम, सोड ना आता ते.”

“तुम्ही सगळे बोलता माझ्यामागं. मला कळतं.”

“कुणी बोलत नाही. तुला शपथेवर सांगते, आम्ही आपसांतसुद्धा बोललो नाही.”

“मग माझ्याशी बोल. शिव्या दिल्या ना तिनं मला? दे, तू पण दे. मी ऐकून घेतो.”

मर्ना त्याच्याकडे बघतच राहिली. “शिव्या?” ती म्हणाली. “तुला वर्षभर असं वाटतंय?”

क्लेमनं केकची ताटली तिच्याकडे सरकवली.

“आयव्हर, बस खाली,” मर्ना म्हणाली. आयव्हर बसला, स्क्रू ड्रायव्हर हातातच ठेवून. मर्ना बोलायला लागली तेव्हा क्लेमकडे न बघता टेबलावरच्या केककडे बघत होती.

आधी ग्लेनिसनं वारा सांगितला. वारा चढला होता. तिनं सगळ्यांना थांबायला सांगितलं आणि सगळे थांबले. आयव्हर थांबला, नोएल थांबला, पार सायलोच्या पलीकडचेही थांबले. मग ती म्हणाली, क्लेम, तूही थांब, आणि जरा घरी ये. हे ती नेहमीच्या आवाजात म्हणाली, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, क्लेम, माझा हात कसातरीच झालाय, कप धरवत नाही. तेव्हा तिचा आवाज जड येत होता.

“मी लगेच म्हटलं, ग्लेनिस, मी निघाले. तर म्हणाली, नको, तू कशाला, तो येईल की. आमची सगळ्यांची इंजिनं बंद होती, क्लेम. इतकी शांतता मी कधी ऐकली नाही. आणि आमच्या अंगणातून तुझ्या टेकाडामागून वर चढणारी धूळ दिसत होती.”

क्लेमला कळायला वेळ लागला. “मी कापत होतो,” तो म्हणाला.

“तू एकटाच.”

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. ‘थांबा’ म्हटल्यावर हार्वेस्टर चालवणं ही विराबीनमध्ये चोरीपेक्षा वाईट गोष्ट होती. ज्या घरातून ‘थांबा’ निघालं त्याच घरचा हार्वेस्टर चालू होता, आणि सगळा मुलूख हात बांधून ती धूळ बघत बसला होता. सहा हार्वेस्टर घेऊन आले होते तेच हे लोक.

“आणखी काय म्हणाली?” त्यानं विचारलं.

“क्लेम.”

“सांग म्हणतो ना.”

मर्नानं आयव्हरकडे पाहिलं. आयव्हर खिडकीकडे बघत होता.

“म्हणाली, त्यानं मला बंद केलंय. मी बोलायला लागले की करतो. क्रिकेट असेल.” मर्नानं कप जरा बाजूला सरकवला. “हसली ती, क्लेम. रागानं नाही म्हणाली. म्हणाली, असू दे, ऐकू दे त्याला. आणि मग आम्हा सगळ्यांना म्हणाली, त्याला कुणी सांगू नका मी हाका मारल्या म्हणून. जन्मभर मनाला लावून घेईल. आम्ही कबूल केलं. एकेकानं आपलं नाव सांगून कबूल केलं, वारा सांगितल्यावर करतो तसं. त्यानंतर ती बोलली नाही. तोवर मी गाडीत बसले होते.”

किटली कधीची गार झाली होती. क्लेम उठला आणि त्यानं ती उगाचच पुन्हा गॅसवर ठेवली. त्याला वाटत होतं ग्लेनिसला ठाऊक नाही. इतकी वर्षं त्याला वाटत होतं की तो बटण फिरवतो हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. ती तिकडे दात आलेल्या नातीबद्दल सांगायची तेव्हा तिला माहीत असायचं की एक माणूस ऐकत नाही. तरी ती सांगायची. आणि संध्याकाळी विचारायची, कोण आऊट झालं. त्याला आता तो प्रश्न निराळाच ऐकू आला. शिव्या असत्या तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

आयव्हरनं विचारलं, “मग, सेट काढू?”

“तुमचं घर खोलगट जागेत आहे,” क्लेम पाठमोराच म्हणाला. “तिथं वारा कळणार नाही.”

“यंत्रही नेऊ.”

“नेऊन काय करशील? वारा टेकाडावर असतो.”

“मग कसं करायचं?”

“राहू दे इथंच.”

“दर तासाला बोलावं लागतं, क्लेम,” आयव्हर सांभाळून म्हणाला. “आणि तू शेतात असणार.”

“माझी बार्ली तुम्ही कापा. मी घरी बसतो.”

आयव्हरनं स्क्रू ड्रायव्हर खिशात टाकला. क्लेम नॉस्केनं वयाच्या पंधराव्या वर्षापासून एकही कापणी चुकवली नव्हती. पाय मोडला होता त्या वर्षीसुद्धा नाही. ग्लेनिसनं कितीदा म्हटलं होतं, एक वर्ष दुसऱ्याला कापू दे, घरी बस माझ्याजवळ, काही बुडत नाही. निघताना मर्नानं त्याच्या दंडाला हात लावला. “शब्द मोडला मी तिचा,” ती म्हणाली. केकची ताटली तिनं मुद्दामच मागं ठेवली, म्हणजे ती परत द्यायला त्याला यावं लागेल.

पहिल्या दिवशी क्लेमनं वारा सांगितला तेव्हा दोन वेळा बटण दाबलं आणि दोन्ही वेळा आकडा सांगायचाच विसरला. तिसऱ्यांदा जमलं. चॅनेलवर एकेक जण आपलं नाव सांगून ‘ऐकलं’ म्हणाला. नोएलनं विचारलं की रविवारी हॉलमध्ये चहाबरोबर खायचे स्कोन कोण करणार ते पण सांग. कुणीतरी हसलं. क्लेमनं आवाज कमी केला नाही. तो तिच्या खुर्चीत बसून सगळं ऐकत राहायचा. मेंढ्या, टायर, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन. निम्मं त्याला कळत नव्हतं, कारण सुरुवात त्यानं कधी ऐकलीच नव्हती. कोणती नात, कोणता जावई. ग्लेनिसला विचारलं असतं तर तिनं पहिल्यापासून सांगितलं असतं.

डिसेंबरात तसाच एक दिवस आला. उत्तरेचा वारा, आकाश तांबूस, आणि त्याची बार्ली शेवटच्या तुकड्याला आलेली. कापायला नोएल होता. दुपारी क्लेम अंगणात जाऊन यंत्र बघून आला आणि माईक उचलला.

“सगळ्यांनी थांबा,” तो म्हणाला. “वारा चढलाय.”

आयव्हरनं ऐकलं म्हणून सांगितलं. बाकीच्यांनीही सांगितलं. नोएल बोलला नाही. क्लेमनं खिडकीतून पाहिलं. घरामागच्या शेतावर धूळ चालत होती.

“नोएल,” तो म्हणाला. “थांब.”

धूळ पुढं गेली. चॅनेलवर कुणी बोलत नव्हतं. इंजिनं बंद करून सगळे केबिनमध्ये बसलेले असणार हे त्याला इथं बसून कळत होतं. त्यानं पुन्हा बटण दाबलं. बटण दाबलेलं असताना आपल्याला काहीच ऐकू येत नाही, सोडलं की मग वाट बघायची, एवढंच हातात. त्यानं सोडलं. वाट बघितली. पुन्हा दाबलं.

“नोएल, ऐकतोयस का?”

मर्नाचा आवाज आला, “क्लेम, आयव्हर जातोय त्याच्याकडे.”

“थांब जरा,” क्लेम म्हणाला. “येईल तो.”

हे बोलून झाल्यावर त्यानं माईक खाली ठेवला आणि टेबलाची कड धरली. बाहेर धूळ अजून चालत होती, तुकड्याच्या टोकापर्यंत गेली, वळली. मग हळूहळू विरायला लागली. हार्वेस्टर थांबला होता. सेटमधून खरखर आली.

“सॉरी, क्लेम,” नोएल घाईघाईत म्हणाला. “आवाज कमी केला होता जरा. आत्ता बघितलं, सगळे थांबलेत. क्रिकेट चालू आहे ना, म्हणून…”

तो तिथंच थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं. सगळं विराबीन ऐकत होतं.

क्लेमनं माईक उचलला. बटण दाबलं.

“कोण आऊट झालं?” त्यानं विचारलं.

नोएलनं सांगितलं. कुणी झेल घेतला, कसा घेतला, फलंदाज जाताना पंचाकडे कसा बघत गेला. आधी चाचरत आणि मग त्याच्या नेहमीच्या ढंगात, मीठमसाला लावून. मधेच आयव्हरनं त्याचं काहीतरी चुकलेलं काढलं आणि दोघांची जुंपली. क्लेमच्या डोक्यात त्यातलं फारसं शिरत नव्हतं. तरी त्यानं पुढं वाकून आवाज आणखी थोडा वाढवला, आणि तासाभरानं पुन्हा वारा बघायला अंगणात जायचं म्हणून टोपी खुर्चीच्या पाठीलाच अडकवून ठेवली.